कासपासून जतपर्यंत : कोळ्यांच्या वाटेने

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे एकाच कृष्णेच्या पाण्यावर वाढलेले. तरीही निसर्गाने त्यांच्या वाट्याला जे दान टाकले आहे, ते कमालीचे विषम आहे. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तर माण, आटपाडी, जत या पूर्वेकडील तालुक्यांत पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक पाऊसकाळ बरा झाला म्हणतात. रस्त्याने मोजले तर हे अंतर जेमतेम अडीचशे किलोमीटरचे. पण तेवढ्यात सदाहरित जंगल, जांभ्या खडकाचे उघडे पठार, भाताची खाचरे, उसाचे मळे, महापुराचे काठ, द्राक्षबागा आणि बोरी-बाभळींचे माळ अशी सात निरनिराळी जगे लागतात. या सातही जगांत हमखास भेटणारा आणि तरीही आपण ज्याच्याकडे क्वचितच लक्ष देतो असा एक जीव आहे. तो म्हणजे कोळी. भिंतीच्या कोपऱ्यात, गवताच्या पात्यांत आणि फुलाच्या पाकळीमागे राहणारा.

बँकेच्या नोकरीत माझी बहुतेक वर्षे याच दोन जिल्ह्यांतील शाखांत गेली. पीककर्जाच्या निमित्ताने बांधाबांधाने हिंडणे झाले, परंतु तेव्हा दृष्टी सातबाऱ्यावर आणि उभ्या पिकावर असे. निवृत्तीनंतर एका स्नेह्यांनी डॉ. बी. के. टिकाडर यांचा भारतीय कोळ्यांवरील ग्रंथ पाहावयास दिला. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुणे येथील केंद्रात दीर्घकाळ काम केलेल्या या संशोधकाचा तो ग्रंथ १९८७ साली प्रसिद्ध झाला. तो चाळताना मनात आले की, ज्या वाटा आपण सरकारी जीपमधून आणि एस.टी.तून तुडवल्या, त्याच वाटांनी पुन्हा एकदा जावे आणि या वेळी कोळी पाहावेत. एका भाद्रपदापासून पुढच्या माघापर्यंत, सवडीसवडीने, ही भटकंती झाली. तिची ही हकीकत.

प्रारंभ कासपासून केला. साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर आणि समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरच्या आसपास उंचीवर असलेले हे पठार २०१२ साली पश्चिम घाटातील अन्य स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले. साडेआठशेहून अधिक सपुष्प वनस्पतींची येथे नोंद आहे. मंडळी फुले पाहावयास येतात, तसे आम्हीही उभे होतो. धुके उतरले आणि गवतावर पाण्याचे थेंब साठले, तेव्हा एकाएकी जमिनीलगत शेकडो पांढरे रुमाल वाळत घातल्यासारखे दिसू लागले. ती जाळी होती. प्रत्येक जाळ्याच्या एका कडेला नरसाळ्यासारखे बीळ आणि त्याच्या तोंडाशी पुढचे पाय टेकवून बसलेला करड्या रंगाचा कोळी. याचे शास्त्रीय नाव हिप्पासा. त्याच्या कुळातील बहुतेक भाऊबंद जाळे विणीत नाहीत. धावून भक्ष्य पकडतात. या पंथाने मात्र जमिनीवर अंथरलेली चादर सोडलेली नाही.

कासच्या पठारावर झाडे तुरळक, खडकावर माती बोटभर आणि पावसाळ्यात वारा असा की छत्री उलटी व्हावी. अशा जागी उंचावर मोठे चक्राकार जाळे टिकणार कसे? म्हणून येथील कोळी जमिनीलगत राहतो. ज्यांना चक्राकार जाळेच विणावयाचे असते, तेही वाऱ्याचा अंदाज घेतात. युरोपातील बागांत आढळणाऱ्या एका कोळ्यावर १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, वारा सोडल्यावर तोच कोळी आपले जाळे आकाराने लहान करतो आणि चिकट धाग्यांचे वेढे कमी घालतो. धागा तोच, विणणाराही तोच; माप मात्र हवेप्रमाणे. शिवाय चक्राकार जाळे विणणारे पुष्कळ कोळी जुने जाळे स्वतः खाऊन टाकतात आणि त्यातील प्रथिनांपासून नवे सूत काढतात. त्यामुळे आजची चूक उद्याच्या जाळ्यात सुधारता येते आणि भांडवलही बुडत नाही. हा व्यवहार माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसास विशेष भावला.

त्याच पठारावर सोनकीच्या पिवळ्या फुलात एक पिवळाच कोळी दडलेला दिसला. खेकड्याप्रमाणे पुढचे पाय फाकवून बसणाऱ्या या कुळातील कोळी जाळे विणीत नाहीत. फुलावर मधमाशी येऊन बसेपर्यंत निश्चल राहणे हीच त्यांची कला. या कुळातील काही जातींच्या माद्यांना आपला रंग पांढऱ्याचा पिवळा आणि पिवळ्याचा पुन्हा पांढरा करता येतो. सरड्याप्रमाणे हे क्षणात होत नाही. त्याला कित्येक दिवस लागतात. फुलांचा हंगाम आठवड्याआठवड्याला पालटणाऱ्या पठारावर अशा जिवास किती सोयीचे, हे वेगळे सांगावयास नको.

कासहून मेढ्याकडे उतरल्यावर जावळीचे खोरे लागते. याच तालुक्यातील केडंबे हे हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचे गाव. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर अतिरेक्याच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवणाऱ्या या पोलीस अधिकाऱ्यास मरणोत्तर अशोकचक्र मिळाले, हे सर्वश्रुत आहे. परंतु एका कोळ्यास त्यांचे नाव दिले गेले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीस संशोधकांनी २०२१ मध्ये ‘आयसियस तुकारामी’ असे नाव दिले. विज्ञानाला तोवर अपरिचित राहिलेली ही जात दाट जंगलात नव्हे, तर कारखाने, इमारती आणि रेल्वेमार्ग यांनी वेढलेल्या भागात मिळाली. शहर वाढत गेले तरी हा इवलासा जीव आपली जागा धरून राहिला, हे नावाला शोभणारेच म्हणावयाचे.

पुढे महाबळेश्वर आणि तेथून खाली कोयनेचे खोरे. येथले जग निराळे. झाडांनी वारा अडवलेला, हवेत ओल आणि किड्यांची रेलचेल. येथे दोन झाडांच्या मध्ये माणसाच्या उंचीहून मोठी जाळी आडवी येतात आणि सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांचा धागा सोनेरी दिसतो. हा नेफिला पिलिपेस, जंगलातला मोठा कोळी. मादीचे पाय पसरले तर तळहात झाकला जावा. नर मात्र तांदळाच्या दाण्याएवढा. तिच्याच जाळ्याच्या कडेला तो जीव मुठीत धरून राहतो. पुष्कळ कोळी आपली अंडी रेशमी पिशवीत घालून पानाखाली टांगतात. ही मादी मात्र झाडावरून खाली उतरते, जमिनीत उथळ खड्डा करते, त्यात अंडी घालून वर माती आणि पाचोळा ओढते. म्हणजे जी जन्मभर अधांतरी राहिली, तिच्या पुढच्या पिढीची ठेव मात्र जमिनीत असते. जंगलातील पालापाचोळा झाडून नेला किंवा वणव्यात जळाला, तर त्याबरोबर काय जाते याचा विचार मी येथे प्रथम केला.

पाटण भागात घाट उतरताना रस्त्याकडेला भाताची खाचरे दिसतात. चिखलात पाय घालून वाकून पाहिले तर धान्याच्या ताटांमधून, प्रसंगी पाण्याच्या पृष्ठभागावरूनसुद्धा, चपळाईने पळणारे छोटे तपकिरी कोळी आढळतात. यांतील एखादीच्या पाठीवर राखेची चिमूट टाकल्यासारखे काहीतरी दिसते. निरखून पाहावे, तर ती तिची पिल्ले! अंड्यांची पिशवी ती आधी पोटाच्या टोकाला बांधून फिरते आणि पिल्ले बाहेर आल्यावर काही दिवस त्यांना पाठीवर वागवते. खाचरात आज पाणी आहे, उद्या ते काढून देतील, परवा कापणी होईल. असे अस्थिर घर असलेल्या आईने मुले एका जागी ठेवावीत तरी कशी? म्हणून तिने घरच पाठीवर घेतले. भातावरील तुडतुड्यांचा फडशा पाडण्यात या कोळ्यांचा वाटा मोठा असतो.

कराडला कोयना-कृष्णेचा प्रीतिसंगम ओलांडला की डोळ्यांपुढे ऊस आणि ऊसच उभा राहतो. वाळवा, पलूसपर्यंत हेच दृश्य. उसाचे पीक वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ उभे असल्यामुळे कोळ्यास ते एक प्रकारचे जंगलच वाटत असावे. पानांच्या बेचक्यांत, देठाच्या खोळीत, खाली पडलेल्या पाचटात निरनिराळ्या जाती राहतात. परंतु हे जंगल एका दिवसात भुईसपाट होते. तोड झाली की मोकळ्या रानात पाचट तेवढे उरते. तेही पेटवले, तर आश्रयास गेलेले सर्व जीव त्यात संपतात. ते सरीत दाबून कुजवले, तर जमिनीला खत मिळते आणि कोळ्यांना खोडवा वर येईपर्यंत निवारा. वाचकहो, आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे या पट्ट्यात शेती करतात. २००२ साली उसावर लोकरी मावा आला, तेव्हा त्यावर जगणारे डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक शेतकऱ्यांनी एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन सोडले होते, हे अनेकांच्या स्मरणात असेल. कोळी त्याच मित्रपरिवारातला. फक्त त्याला कोणी नेऊन सोडावे लागत नाही.

तो स्वतःच कसा येतो, याचे उत्तर सागरेश्वराच्या डोंगरावर सुचले. पलूस-कडेगाव परिसरातील हे सुमारे अकरा चौरस किलोमीटरचे अभयारण्य मानवनिर्मित आहे. धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरांवर झाडे लावली गेली, सांबर, चितळ, काळवीट बाहेरून आणून सोडले गेले आणि १९८५ मध्ये अभयारण्य आकारास आले. जवळच कुंडलचे झरी पार्श्वनाथ आणि गिरी पार्श्वनाथ असल्याने आपल्यापैकी अनेकांचे पाय या डोंगरांना लागलेले आहेत. हरणे माणसांनी आणली. कोळी कोणी आणले? कोळ्याचे पिल्लू गवताच्या शेंड्यावर चढते, पोट वर करून बारीक सूत हवेत सोडते आणि त्या सुताबरोबर उडून जाते. १८३२ साली ‘बीगल’ जहाजावर असताना चार्ल्स डार्विनने किनाऱ्यापासून सुमारे ६० मैलांवर जहाजाच्या दोरखंडांत असे हजारो चिमुकले कोळी उतरलेले पाहिले. १८८३ च्या ऑगस्टमध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीने बेटावरील जीवसृष्टी पुसून टाकली. त्यानंतर नऊ महिन्यांनी तेथे गेलेल्या पथकास एकच जिवंत प्राणी दिसला, तो जाळे विणणारा एक कोळी. २०१८ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातील दोन संशोधकांनी असेही दाखवून दिले की, वारा नसतानासुद्धा हवेतील विद्युतक्षेत्राची जाणीव होऊन कोळी उड्डाणास सिद्ध होतात. उजाड डोंगरावर पहिले झाड मूळ धरते, तेव्हा असा एखादा पाहुणा वरून उतरत असतो.

माझे घर सांगलीत. येथे कोळ्याची कसोटी पाहतो तो महापूर. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेले आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्याही पुढे चढले. २०२१ मध्ये पुन्हा तीच धावपळ. पुराचे पाणी चढू लागते, तेव्हा जमिनीवरील कोळी गवतावर, गवतावरचे झुडपांवर आणि झुडपांवरचे झाडांवर जातात. सिंध प्रांतात २०१० च्या महापुरानंतर पाणी दीर्घकाळ ओसरले नाही, तेव्हा तेथील झाडे शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पांढऱ्या जाळ्यांनी मढून गेली होती. ती छायाचित्रे जगभर गाजली. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील खाऱ्या दलदलीत राहणाऱ्या एका कोळ्यावर २००९ मध्ये झालेला प्रयोग याहूनही नवलाचा आहे. पाण्यात बुडवून ठेवल्यावर तो मृतवत निश्चेष्ट झाला. बाहेर काढून वाळू दिल्यावर काही तासांनी पुन्हा चालू लागला!

आमच्या परिचयातील एका घरात २०१९ चे पाणी माळ्यापर्यंत गेले होते. पाणी उतरल्यावर चिखल काढणे, भिंती धुणे, धान्य आणि पुस्तके टाकून देणे असे पंधरा दिवस चालले. भिंतीचा ओलावा अजून गेला नव्हता, तोच त्या घरातील आजींनी छताच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हटले, “बघा, पहिलं बिऱ्हाड आलं.” तेथे लांब, केसासारख्या पायांचा घरगुती कोळी आपले विस्कळीत जाळे विणीत होता. साचलेल्या पाण्यामुळे त्या दिवसांत डासांचा सुळसुळाट झालेला. याचे तर ते आवडते अन्न. त्या दिवशी ते जळमट कोणी काढले नाही.

घरातील कोळ्यांविषयी येथेच थोडे सांगतो. आपल्या परंपरेत कोळ्याची गणना चतुरिंद्रिय जीवांत केली आहे. स्पर्श, रस, गंध आणि दृष्टी ही इंद्रिये त्याला आहेत, कान नाहीत. आधुनिक संशोधनही कोळ्यास कान नसल्याचेच सांगते. त्यात भर एवढीच की, पायांवरील सूक्ष्म केसांनी तो हवेतील कंपने टिपतो. अमेरिकेतील संशोधकांनी २०२२ मध्ये दाखविले की, चक्राकार जाळे विणणारा एक कोळी आपल्या जाळ्याच्या तंतूंवरही दुरून आलेला आवाज झेलतो. म्हणजे ऐकण्याचे कामसुद्धा तो स्पर्शानेच करतो. पर्युषणापूर्वी किंवा दिवाळीच्या आधी घर झाडताना याचा उपयोग होतो. जाळ्यावर हलकी फुंकर घालावी किंवा झाडूची काडी अलगद टेकवावी. जाळे जोरजोराने थरथरू लागले, तर आत मालक आहे असे समजावे. काचेचा पेला वर ठेवून, खालून पत्रिकेचा जाड कागद सरकवून त्याला अंगणातील आडोशाला सोडावे. जाळे निमूट लोंबत राहिले, तर बहुधा ते सोडून दिलेले जळमट असते.

जतच्या माळावर गेलो तेव्हा माघ लागला होता. सांगलीपासून हे अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. पण ओढे कोरडे, वारा रुक्ष आणि हिरवेपणा बाभळीपुरता. तेथे एका बोरीवर नारळाएवढा मळकट गोळा दिसला. वाळकी पाने, किड्यांची टरफले आणि सूत यांचा तो लगदा. त्यापासून फांद्याफांद्यांवर पसरलेले पडदे. शेजारी शेरडे राखणाऱ्या एका वयस्क बाईंना विचारले, तर म्हणाल्या, “त्यो एकट्याचा न्हाई बाबा, समद्या भावकीचा वाडा हाय.” याहून नेमके वर्णन शास्त्रज्ञासही साधणार नाही. हा स्टेगोडायफस सारासिनोरम, समूहाने राहणारा कोळी. जगातील कोळ्यांच्या पन्नास हजारांहून अधिक ज्ञात जातींपैकी कायम एकत्र कुटुंबात राहणाऱ्या जाती पंचवीसच्या आसपास भरतील. बाकी सारे इतके एकलकोंडे की शेजारी आला तर त्यालाच खावे. येथे मात्र शेकडो जीव मिळून जाळे राखतात आणि एकट्याला न आवरणारा मोठा टोळ मिळून धरतात. माद्या पिल्लांना आपल्या पोटातील रस भरवतात आणि शेवटी स्वतःचे शरीरही त्यांना अन्न म्हणून देतात. दुष्काळी मुलखात पुष्कळ दिवस उपाशी राहणे हा कोळ्याचा जन्मसिद्ध गुण. त्याला या जातीने एकत्र कुटुंबाची जोड दिली.

परंतु या वाड्याची एक दुबळी बाजूही आहे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबात संबंध होत गेल्याने समूहाने राहणाऱ्या या कोळ्यांत आनुवंशिक विविधता फारच कमी असते. परिस्थिती एकदम पालटली, तर वेगळा मार्ग शोधणारा जीव त्यांच्यात निघेलच याची शाश्वती कमी. आणि परिस्थिती पालटते आहे, यात शंका नाही. म्हैसाळ आणि टेंभू योजनांनी कृष्णेचे पाणी उचलून या तहानलेल्या तालुक्यांत नेले. ज्यांनी टँकरमागे धावणारी माणसे पाहिली आहेत, त्यांना या पाण्याचे मोल सांगावे लागत नाही. तो आनंद मीही अनुभवला आहे. मात्र पाणी आले की बाग आली, बाग आली की बांध सपाट झाला आणि बांधावरची बोर-बाभूळ गेली. कोळ्याला पाण्याचे वावडे नाही. त्याला फांदी हवी.

परतीची वाट कवठेमहांकाळवरून तासगावला घेतली. द्राक्षांचा मळा हा कष्टाचा आणि काळजीचा संसार. ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत केवडा, भुरी, फुलकिडे, पिठ्या ढेकूण यांच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते आणि एक ढग आला तरी पंपाकडे धावावे लागते. पूर्वी कर्जाच्या कामासाठी ज्यांच्याकडे जाणे होई, अशा एका बागायतदाराबरोबर मांडवाखाली फिरलो. एकाही घडावर, एकाही तारेवर जाळे नव्हते. नंतर बांधाच्या कडेला आलो. तेथे त्यांच्या वडिलांनी राखलेली जुनी करंजाची ओळ आणि कमरेएवढे गवत. त्या दहा-बारा हातांच्या पट्टीत आम्ही उभ्या उभ्या निरनिराळ्या आकारांची अकरा जाळी मोजली. एका जाळ्याच्या मध्यावर पांढरी नागमोडी फुली घालून कोळीण बसली होती. ते गृहस्थ बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “साहेब, आत मी किडीसाठी औषध मारतो, आणि किडीला खाणारं हे इथं बाहेर बसलंय.”

त्यांच्या या वाक्यात साऱ्या प्रवासाचे सार आले. गेल्या शतकात आग्नेय आशियातील भातशेतीने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. तेथे फवारण्या वाढल्या तसा तपकिरी तुडतुडा घटण्याऐवजी वाढत गेला, कारण त्याला खाणारे कोळी आणि इतर मित्रजीव आधी मेले. अखेर १९८६ मध्ये इंडोनेशियाच्या सरकारने भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि शेतकऱ्यांना शेतातील मित्रजीव ओळखण्याचे शिक्षण दिले. कोळ्याची क्षमता किती, याचा एक अंदाज २०१७ साली दोन शास्त्रज्ञांनी मांडला: जगातील सारे कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य खातात, आणि त्यात बहुतांश कीटक असतात. बिनपगारी आणि बिनसुट्टीची ही चाकरी आहे.

या भटकंतीने मला जे शिकवले, ते थोडक्यात असे. कोळी वाऱ्याशी जुळवून घेतो, पुराशी जुळवून घेतो, दुष्काळाशी आणि शहराशीही जुळवून घेतो. १९७३ मध्ये अमेरिकेच्या ‘स्कायलॅब’ या अंतराळस्थानकात नेलेल्या अराबेला आणि अनिता या दोन कोळिणींनी तर, जेथे खाली-वर काहीच नाही अशा जागी, पहिल्या गोंधळानंतर जवळजवळ नेहमीसारखे जाळे विणून दाखविले. मात्र या प्रत्येक ठिकाणी त्याला टेकण्यास काहीतरी होते. कासला गवताचे पाते, कोयनेला झाडाखालचा पाचोळा, पुरात उंच झाडाचा शेंडा, जतला बोरीची फांदी आणि अंतराळात चौकटीची कड. सूत तो स्वतःच्या पोटातून काढतो. पण त्याचे पहिले टोक कोठेतरी बांधावे लागते. ती जागाच पुसून टाकली आणि वर विषाची धार धरली, तर त्याच्या अंगचे सारे गुण निरुपयोगी ठरतात. जे जुळवून घेतात त्यांच्यावर कितीही भार टाकावा, असा आपला एक समज असतो. घरातील समंजस माणसांच्या बाबतीतही तो पुष्कळदा खोटा ठरतो.

म्हणून शेती असलेल्या वाचकांना एक विनंती करावीशी वाटते. बांधाची एक बाजू, निदान दोन हात रुंद, नांगर आणि तणनाशक यांच्यापासून मोकळी ठेवावी. पाचट पेटवू नये. फवारणीपूर्वी पानाची खालची बाजू पाहून किडीबरोबर कोळी किती आहेत तेही पाहावे आणि कृषी अधिकाऱ्यांशी बोलताना हा प्रश्न आवर्जून विचारावा. ज्यांची शेती नाही, त्यांनी अंगणाच्या एका कोपऱ्यात तुळशीमागचा पाला काही दिवस तसाच राहू द्यावा. आमच्या परसात जास्वंद आणि कढीलिंबाच्या मधली हातभर जागा आम्ही अशी सोडली आहे. तेथे सध्या फुली घालणाऱ्या कोळिणीचे बिऱ्हाड आहे आणि कढीलिंबाची पाने तोडावयाची झाल्यास घरातील मंडळी पलीकडच्या बाजूने जातात.